'रिसेंटली' म्हणजे नेमके किती दिवस?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातला मुद्दा थोडक्यात असा:

शिक्षण मराठी माध्यमातून. आठ वर्षांच्या खंडानंतर त्या पुन्हा नोकरीला लागल्या आहेत आणि परदेशातल्या ग्राहकांशी रोज इंग्रजीत बोलावं-लिहावं लागतं. बाकी इंग्रजी निभावतं, पण नुकतंच घडलेलं काही सांगायची वेळ आली की त्या अडखळतात. जस्ट, रिसेंटली, लेटली, ऑलरेडी यांतलं कुठे काय वापरायचं, कळत नाही. पहिल्याच बैठकीत स्वतःची ओळख करून देताना त्या 'आय हॅव लेटली जॉइन्ड द टीम' असं म्हणाल्या आणि नंतर एका सहकाऱ्याने बाजूला घेऊन चूक दाखवली. मग 'आय हॅव सेंट द रिपोर्ट यस्टर्डे' या वाक्यावरही खूण झाली. त्यांनी स्वतःपुरता एक तक्ता केला आहे: जस्ट दहा मिनिटांपर्यंत, रिसेंटली महिनाभरापर्यंत, लेटली त्याहून जुन्या गोष्टींसाठी. तो पाठ करूनही चुका थांबत नाहीत. गेल्या आठवड्यात ग्राहकाने विचारलं, 'हॅव यू हर्ड फ्रॉम द डिझाइन टीम लेटली?' यांनी उत्तर दिलं, 'येस, लेटली आय हर्ड.' पलीकडे क्षणभर शांतता. तेव्हापासून त्या बैठकीत शक्यतो गप्पच बसतात. "मी मराठीत विचार करते म्हणून असं होतं, असं सगळे म्हणतात. माझा तक्ता दुरुस्त करून द्याल का? की सरळ सगळीकडे रिसेंटलीच वापरू?" असं त्यांनी विचारलं आहे.

प्रिय मैत्रीण,

तुमचा तक्ता मी दोनदा वाचला. मेहनत दिसते त्यात. तरीही तो बाजूला ठेवा असंच मला सांगायचं आहे, कारण आकडे दुरुस्त करूनही तो चालणार नाही. हे शब्द किती वेळ लोटला ते मोजतात असं तुम्ही धरून चालला आहात, आणि अडचण तिथेच आहे.

रिसेंटलीचंच बघा. फोन नंबर बदलल्याचं रिसेंटली म्हणून सांगणाऱ्याच्या मनात आठवडा असेल, मैत्रिणीच्या लग्नाबद्दल तोच शब्द वापरणाऱ्याच्या मनात सहा महिने असतील. भूगर्भशास्त्रात तर आपण सध्या ज्यात जगतो आहोत त्या होलोसीन कालखंडाला पूर्वी 'रिसेंट' असंच नाव होतं, आणि तो सुरू झाला सुमारे 11,700 वर्षांपूर्वी. पृथ्वीच्या वयापुढे तेवढा काळ म्हणजे कालपरवाच. आता उलटं उदाहरण घ्या. मिनिटभरापूर्वी पाठवलेल्या फाइलबद्दल 'आय सेंट इट अ मिनिट अगो' असंच म्हणावं लागतं. अगो आलं की तिथे 'हॅव सेंट' बसत नाही, मग मिनिटच का झालेलं असेना. हजारो वर्षांना रिसेंट म्हणता येतं आणि एका मिनिटामागे हॅव लावता येत नाही, तर मग घड्याळ हातात घेऊन या शब्दांचा हिशेब लागेल कसा?

बोलणारा त्या घटनेकडे कसं बघतो आहे, ते हे शब्द सांगतात. ताजी खबर म्हणून, मध्यंतरी घडून गेलेली गोष्ट म्हणून, की काही दिवस चालत आलेली रीत म्हणून. आणि हा फरक तुम्हाला लहानपणापासून येतो. 'तो नुकताच आला' असं आपण म्हणतो, 'तो हल्ली आला' असं म्हणत नाही. 'हल्ली तो फार चिडतो' हे बरोबर वाटतं, 'नुकताच तो फार चिडतो' हे कानाला खुपतं. का खुपतं, हे व्याकरण न शिकलेल्या माणसाला सांगता येणार नाही, पण चूक त्याला तत्क्षणी कळेल. तोच कान इकडे वापरायचा.

लेटली म्हणजे आपलं हल्ली किंवा आताशा. चालू असलेलं, पुन्हा पुन्हा होणारं, किंवा काही दिवस न झालेलं काही सांगायचं असेल तर ते येतं: 'आय हॅवन्ट बीन स्लीपिंग वेल लेटली', 'शी हॅज बीन क्वायट लेटली'. रुजू होणं ही एकदाच होणारी गोष्ट. म्हणून तुमचं 'लेटली जॉइन्ड' ऐकणाऱ्याला 'मी हल्ली रुजू झाले' असं ऐकू गेलं. अर्थ पोहोचला, फक्त सूर चुकला. (एक खड्डा इथे आणखी आहे. लेटचा आणि लेटलीचा अर्थ वेगळा. उशिरा आले हे सांगायला 'आय केम लेट' एवढंच पुरे. तिथे ली जोडायचा नाही.)

जस्ट म्हणजे नुकतंच, आत्ताच. हा शब्द मूळचा 'बरोबर, नेमका' या अर्थाचा, आणि आपण आत्तावर जोर द्यायला 'च' लावतो तेच काम तो करतो. आत्ता अधिक च, असं मनात ठेवलं की जस्टची नस सापडते. रिसेंटली म्हणजे अलीकडे. अलीकडे जसं दोन्हीकडे चालतं, 'अलीकडेच त्याने घर बदललं' आणि 'अलीकडे तो फोनच करत नाही', तसंच रिसेंटलीही एकदाच घडलेल्या गोष्टीला चालतं आणि चालू असलेल्या गोष्टीलाही. शिवाय 'आय रिसेंटली चेंज्ड माय जॉब' आणि 'आय हॅव रिसेंटली चेंज्ड माय जॉब' ही दोन्ही वाक्यं बरोबर. म्हणून सगळीकडे रिसेंटली वापरायचा तुमचा विचार मी मोडीत काढणार नाही. गडबडीच्या क्षणी आधाराला धरायला तो शब्द चांगला आहे. फक्त त्याने ताजेपणा जातो. आत्ता या क्षणी फोन ठेवून 'आय रिसेंटली स्पोक टु हिम' म्हणालात, तर ऐकणारा समजेल की बोलून काही दिवस झाले असावेत, आणि तो तुम्हाला पुन्हा फोन करायला सांगेल.

आता मराठीत विचार करण्याबद्दल. तुम्हाला जे सांगितलं जातं ते मला अर्धंच मान्य आहे. शब्द निवडताना मराठी तुमच्या बाजूने उभी राहते, हे वर पाहिलं. ती फसवते काळ निवडताना, आणि तिथे मात्र सावध राहायला हवं.

'मी रिपोर्ट काल पाठवला आहे.' या मराठी वाक्यात काहीही खटकत नाही. काल आणि आहे शेजारी शेजारी सुखाने बसतात, कारण आपला 'आहे' फक्त एवढंच सांगतो की काम झालेलं आहे, निश्चिंत राहा. तुम्ही तेच वाक्य शब्दाला शब्द लावून इंग्रजीत नेलंत. इंग्रजीतला हॅव मात्र वेगळ्या स्वभावाचा आहे. वाक्यात काळ सांगितला असेल, तर तो काळ अजून संपलेला नसेल तरच हॅव येतो. काल संपला. गेला आठवडा संपला. म्हणून 'आय सेंट द रिपोर्ट यस्टर्डे'. आज, हा आठवडा, हे वर्ष अजून चालू आहे, म्हणून 'आय हॅव सेंट थ्री मेल्स टुडे'. कालची तारीख किंवा वार नुसता मनात असेल आणि वाक्यात आला नसेल, तर 'आय हॅव सेंट द रिपोर्ट' हेही बिनचूक. तुमच्या त्या वाक्यातला यस्टर्डे काढला असता तरी ते सुधारलं असतं.

हे मनात ठसवायला मी माझ्या प्रौढ विद्यार्थ्यांना 'धिस मॉर्निंग' देते. सकाळी अकरा वाजता तुम्ही म्हणाल, 'आय हॅव हॅड टू कॉल्स धिस मॉर्निंग', कारण सकाळ अजून चालू आहे आणि तिसरा कॉल येऊ शकतो. दुपारी चार वाजता त्याच दोन कॉल्सबद्दल म्हणाल, 'आय हॅड टू कॉल्स धिस मॉर्निंग'. कॉल तेच, माणूस तोच, शब्दही तोच. मधल्या काळात सकाळ संपली, म्हणून हॅव गेला. हे एकदा कळलं की बाकीचं आपोआप लागत जातं, असा माझा वर्गातला अनुभव आहे. आठवडाभर दिवसातून दोनदा, एकदा सकाळी आणि एकदा संध्याकाळी, त्या दिवसाबद्दलचं एक वाक्य असं म्हणून बघा.

मराठी फसवते अशी दुसरी जागा म्हणजे 'पूर्वी'. दोन दिवसांपूर्वी याचं आपण 'बिफोर टू डेज' करतो. मी स्वतः कित्येक वर्षं हेच म्हणत होते आणि कोणी टोकलंही नाही, कारण आजूबाजूचे सगळे तेच म्हणत होते. मराठीत पूर्वी आणि आधी हे शब्द आजपासूनही मागे मोजतात आणि दुसऱ्या कुठल्या घटनेपासूनही. इंग्रजीत ही दोन कामं वाटून दिलेली आहेत. आजपासून मागे मोजायचं तर अगो: 'टू डेज अगो'. दुसऱ्या घटनेपासून मागे मोजायचं तर बिफोर: 'टू डेज बिफोर द मीटिंग'. अगो मागे का येतो, याचं उत्तर त्याच्या कुळात आहे. जुन्या इंग्रजीतल्या 'निघून जाणे' अशा अर्थाच्या क्रियापदाचं ते धातुसाधित, म्हणजे मूळ अर्थ 'गेलेला'. दोन दिवस गेलेले. आपणही 'त्याला जाऊन दोन वर्षं झाली' असं म्हणतो तेव्हा आकडा आणि 'झाली' याच क्रमाने येतात. तो क्रम धरलात तर अगो चुकणार नाही.

'परवा'ने जरा जपून. मराठीत परवा मागेही जातो आणि पुढेही, शिवाय सैलपणे वापरला तर चार-पाच दिवसांपूर्वीचंही परवाच होतं. नेमका वार अभिप्रेत असेल तर 'द डे बिफोर यस्टर्डे', आणि सैल परवा, म्हणजे मध्ये एकदा, याला 'द अदर डे'. दोन्हींसोबत साधा भूतकाळ. 'मघाशी'ला इंग्रजीत एकशब्दी जोड नाही, पण बैठकीत अर्लियरने काम भागतं: 'ॲज आय सेड अर्लियर'.

आता अजून आणि आधीच. तुमच्या पत्रात यांचा ओझरता उल्लेख आहे, पण ग्राहकाशी संबंध टिकवायचे तर मला हे दोन शब्द सगळ्यांत महत्त्वाचे वाटतात, कारण यांत चूक झाली तर व्याकरण बिघडत नाही, माणूस दुखावतो.

'फाइल अजून आली नाही' आणि 'फाइल अजूनही आली नाही' ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा. पहिल्यात माहिती आहे. दुसऱ्यात तो एक 'ही' वाढला आणि वाट पाहून कंटाळल्याचा सूर आला. इंग्रजीत पहिलं येटने होतं: 'द फाइल हॅजन्ट कम येट'. दुसरं स्टिलने: 'द फाइल स्टिल हॅजन्ट कम'. येट बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी, आणि नकारात किंवा प्रश्नात. स्टिल नकाराच्या आधी. पहिल्या आठवणीच्या मेलमध्ये येट लिहा. स्टिल राखून ठेवा, खरोखरच नाराजी कळवायची असेल तेव्हासाठी.

ऑलरेडीचंही तसंच. 'मी आधीच पाठवलंय' असं मराठीत म्हटलं की त्यात 'मग विचारता कशाला' हे न बोलता येतं. 'आय हॅव ऑलरेडी सेंट इट' यातही ती धार असू शकते, आणि लेखी मेलमध्ये चेहरा दिसत नसल्यामुळे ती जास्त बोचते. अपेक्षेपेक्षा लवकर झालं, असा आनंद सांगायला हा शब्द छान आहे: 'वुई हॅव ऑलरेडी फिनिश्ड द फर्स्ट पार्ट'. पण कोणी फाइल मागत असेल तर वार सांगून मोकळ्या व्हा: 'आय सेंट इट ऑन मंडे, हिअर इट इज अगेन'. आपल्याकडच्या बोलण्यात ऑलरेडी फार सांडतो. 'आय ॲम ऑलरेडी हॅविंग अ कॉपी' यासारखी वाक्यं स्वतःच्या तोंडून ऐकू आली तर तो शब्द काढून वाक्य पुन्हा म्हणा. बहुतेक वेळा त्याची गरज नव्हती हे लक्षात येईल.

तुमचे ग्राहक कुठले आहेत हे तुम्ही लिहिलं नाही. अमेरिकन असतील तर त्यांच्याकडून 'आय जस्ट सेंट इट', 'डिड यू सेंड इट येट?', 'आय ऑलरेडी ॲस्क्ड हिम' असं सर्रास ऐकाल. ब्रिटिश वळणात तिथे हॅव येतो: 'आय हॅव जस्ट सेंट इट', 'हॅव यू सेंट इट येट?' दोन्ही आपापल्या ठिकाणी शुद्ध आहेत. तुम्ही हॅवचं वळण धरा. ते अमेरिकन माणसालाही खटकत नाही. 'जस्ट नाऊ' मात्र जपून वापरा. क्षणापूर्वी या अर्थाने तो साध्या भूतकाळासोबत बसतो, 'ही कॉल्ड जस्ट नाऊ', पण 'आय ॲम बिझी जस्ट नाऊ' यात तो सध्या या अर्थाचा होतो, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या माणसाने 'आय विल डू इट जस्ट नाऊ' म्हटलं तर त्याचा अर्थ थोड्या वेळाने करतो असा असतो. तिथल्या ग्राहकाने असं म्हटलं तर लगेच काम होईल म्हणून वाट बघत बसू नका.

हे सगळं बोलताना कसं आठवायचं? आठवायचं नाहीच. बातम्या कशा सांगतात ते आठवडाभर ऐका. पहिलं वाक्य हॅवचं येतं: मंत्र्याने राजीनामा दिला आहे, 'हॅज रिझाइन्ड'. दुसऱ्या वाक्यापासून तपशील, आणि तपशील साध्या भूतकाळात: सोमवारी दिला, पत्रात असं लिहिलं. आधी खबर, मग तपशील. तुमच्या ओळखीलाही हाच साचा लावा: 'आय हॅव रिसेंटली जॉइन्ड द टीम. आय स्टार्टेड इन जून.' सुटे शब्द पाठ करण्याऐवजी अशी जोडवाक्यं क्रियापदासकट तोंडात बसवा. तुमच्या कामात रोज लागणारी आठ-दहा वाक्यं असतील, तेवढ्यांपासून सुरुवात पुरेशी आहे. शब्दच सुचला नाही तर तारीख किंवा वार सांगा आणि साधा भूतकाळ वापरा. यात पळवाट वगैरे काही नाही. कामाच्या पत्रव्यवहारात 'रिसेंटली'पेक्षा 'ऑन द ट्वेल्फ्थ' कधीही जास्त उपयोगी.

त्या सहकाऱ्याबद्दल एक सांगावंसं वाटतं. त्याने बाजूला घेऊन सांगितलं, चारचौघांत नाही. असा माणूस कचेरीत असणं मोलाचं आहे. त्याच्यापासून तोंड लपवू नका. महत्त्वाचा मेल पाठवण्याआधी त्याला दाखवा. आणि बैठकीत गप्प बसू नका. ग्राहकाला तुमच्या लेटलीपेक्षा तुमचं काम कळायला हवं आहे, आणि गप्प राहिलात तर ते कोण सांगणार?

राहिला ग्राहकाचा तो प्रश्न. लेटली घालून त्यांनी विचारलं याचा अर्थ, मध्यंतरीच्या दिवसांत त्या टीमशी काही संपर्क आहे का? असेल तर लेटली परत उच्चारायची गरजच नव्हती. 'येस, दे रोट ऑन मंडे' एवढं पुरलं असतं. नसेल तर 'नॉट लेटली, नो. द लास्ट मेल केम ऑन द थर्ड.' ती शांतता तुमच्या इंग्रजीमुळे होती असं तुम्ही धरलं आहे. माझ्या मते ते पुढची माहिती येईल म्हणून थांबले होते, आणि ती माहिती त्यांना अजून मिळालेली नाही. पुढच्या बैठकीच्या आधी डिझाइन टीमशी बोलून घ्या आणि सुरुवातीलाच तुम्ही होऊन विषय काढा: 'यू ॲस्क्ड मी द अदर डे अबाउट द डिझाइन टीम. आय हॅव जस्ट स्पोकन टु देम.'